दीड बाहीवरचं हसू

पत्र्याच्या पेटीत नऊ रिळं होती. चार मुख्य, चार राखीव आणि नववं तळहाताएवढं, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. शिवाय ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या सहा पुड्या, त्यातल्या दोन फुटलेल्या. एक गंजलेली टाचणी. आणि मैफलीचा हाताने लिहिलेला क्रम: अकरा गाणी, पाच गोष्टी. चौथ्या गोष्टीसमोर कुणीतरी लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या.

मी यादी केली, तारीख घातली, सही केली. सही करताना पेन कागदातून पार गेलं.

आमच्या कार्यशाळेत जुन्या ध्वनिफिती संगणकावर उतरवतात. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी इथे लागले त्याला चौदा महिने झाले होते. ही पेटी ज्यांची होती त्यांना सगळे 'गोष्टीवाले' म्हणतात. गिटार घेऊन उभे राहतात, गाण्याआधी गोष्ट सांगतात, आणि गोष्ट कधी संपली आणि गाणं कधी सुरू झालं ते कळत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या एका मैफलीची रेकॉर्ड निघाली आणि घरोघरी गेली. आता कंपनी ती नव्याने काढणार होती आणि आधी लोकांना जमवून ऐकवणार होती. जाहिरात आधीच छापून झाली होती: 'मैफल, जशी झाली तशी. एकही काट नाही.'

त्या रेकॉर्डवरची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे चौथी, 'दीड बाही'. ती माझ्या आत्याची आहे.

आमच्या घरी ती रेकॉर्ड कधीच नव्हती. मी ती दुसऱ्यांच्या घरी ऐकली, वाढदिवसांना, सहलीच्या बसमध्ये, आणि दर वेळी ती संपेपर्यंत बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. त्यामुळे ती सलग, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मी पहिल्यांदा ऐकली ती नोकरीवर, हेडफोन लावून.

"एक शिंपीण होती," गोष्टीवाले सांगतात. आवाज तरणा, मधात बुडवलेला. "इथलीच. स्टेशनमागची गल्ली, निळं दार. तिचं माझ्यावर मन. मापाची टेप माझ्या खांद्याला लावली की हिचा हात असा थरथरायचा. मी कोट शिवायला टाकला. आठ दिवसांनी घालून बघतो तर काय! एक बाही पुरी, दुसरी अर्धी! म्हटलं, बाई, उरलेली अर्धी कुठंय? तर म्हणते, तुमच्या आठवणीत शिवायची राहिली. मी म्हटलं, प्रेम आंधळं असतं हे ठाऊक होतं, पण टेपसुद्धा?"

इथे लोक हसतात. एकोणीस सेकंद हसतात.

या एकोणीस सेकंदांनी आत्याचं काय केलं ते सांगते. मैफल तिच्याच गावात होती आणि ती नवव्या रांगेत बसली होती. 'निळं दार' हे शब्द आले तशी ती उठून बाहेर पडली, पुढचं काही तिनं ऐकलं नाही. काही महिन्यांनी रेकॉर्ड आली. तेव्हा आपलं गाव आपल्याला कसं हसलं ते तिनं दुकानासमोरच्या हॉटेलातल्या स्पीकरवर ऐकलं. दोन महिन्यांत तिनं निळं दार बंद करून आमच्या शहरात बिऱ्हाड हलवलं. पण नाव तिच्याआधी पोचलं होतं. ब्लाउज टाकायला आलेल्या बायका म्हणायच्या, "दोन्ही बाह्या सारख्या ठेवा हं!" आणि एकमेकींना कोपर मारायच्या. गल्लीतली पोरं 'दीडबाही' म्हणायची. बाबा सांगतात की तिला बघायला आलेल्या एका माणसाने चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, "त्या शिंपीणबाई तुम्हीच का?" त्यानंतर कुणाला घरी बोलवायचं नाही असं तिनं सांगून टाकलं.

आणि तिच्यासारखी शिलाई मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही. मिलीमीटर चुकत नाही. मी व्हर्नियरने, मिलीमीटरचे दशांश मोजणाऱ्या जबड्याच्या पट्टीने, तपासलेलं आहे. म्हणून ती मला 'फूटपट्टी' म्हणते.

हेडफोन काढून मी रेकॉर्डचं जुनं कव्हर समोर ठेवलं. त्यावर गोष्टीवाले उभे आहेत. पूर्ण उंची, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले, अंगात तोच कोट. खूप बघण्यासारखा कोट आहे. खांद्यावर सुरकुती नाही आणि दोन्ही बाह्या बरोबर मनगटाच्या हाडावर संपतात. दोन्ही. मग अर्धी बाही कुठली? इतक्या घरांत हे कव्हर भिंतीला टेकून उभं होतं, आणि गोष्ट इतकी झ्याक होती की चित्राकडे कुणी बघितलंच नाही.

मी व्हर्नियर काढलं. चित्रात त्यांची उंची एकवीस पूर्णांक तीन सेंटिमीटर. खरी उंची कंपनीच्या माहितीपत्रकात दिली आहे, एकशे त्र्याहत्तर. उजवा हात, खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत, चित्रात सात पूर्णांक चार. डावा सहा पूर्णांक नऊ. गुणाकार केला. डावा हात उजव्यापेक्षा चार सेंटिमीटर तोकडा होता.

दुपारच्या सुट्टीत मी तडक आत्याच्या दुकानात गेले.

"त्यांचा डावा हात तोकडा आहे," मी म्हटलं.

आत्या काजं करत होती. तिनं मान वर केली नाही. "जेवलीस का?"

"तू त्यांच्या हाताप्रमाणे बाही शिवलीस. बरोबर शिवलीस! हे तू पस्तीस वर्षांत एकदाही कुणाला सांगितलं नाहीस?"

"गिऱ्हाईकाचं माप बाहेर सांगायचं नसतं."

"तो गिऱ्हाईक आहे अजून?"

"कोटाचे पैसे चुकते केले होते त्यानं." तिनं दोरा दाताने तोडला. "माप घेताना माणूस श्वास सोडून उभा राहतो, फूटपट्टे. कुणाला पाठीला पोक असतं, कुणाला एक छाती नसते. ते सगळं टेपवर येतं आणि वहीत राहतं. मी एकाचं सांगितलं की उद्या माझ्यासमोर कोण श्वास सोडेल?"

"पण त्यानं असं का केलं?"

"मागणी घातली होती त्यानं. मी नाही म्हटलं." आत्या प्रथमच हसली, एकाच बाजूने. "म्हटलं, तुम्ही दुसऱ्याच्या घरातलं सगळं ऐकून घेता आणि चव्हाट्यावर सांगता. माझा धंदा उलटा आहे. आपलं जमायचं नाही."

मी परत आले ती तापलेल्या तव्यासारखी. माप सांगायचं नाही, ठीक. मी दुसरं काहीतरी शोधणार होते. शोधल्याशिवाय घरी जाणार नव्हते.

ते एकोणीस सेकंद मी आलेखावर काढले. हसू म्हणजे नुसता गोंधळ असतो, त्याचा आकार पुन्हा तसाच येत नाही. इथे येत होता. दोन पूर्णांक एक सेकंदाला एक पुरुष खोकतो, कोरडा, दोन ठसके. आठ पूर्णांक चारला तोच पुरुष तसाच खोकतो. चौदा पूर्णांक सातला पुन्हा. तिन्ही आलेख मी एकावर एक ठेवले. एकच रेघ दिसली. एकोणीस सेकंदांचं हसू नव्हतंच ते. सहा पूर्णांक तीन सेकंदांचं हसू तीनदा जोडलेलं होतं. मग मी रेकॉर्डची पहिली बाजू लावली. तिथे काकांच्या सायकलची गोष्ट आहे, काका उतारावर ब्रेक शोधतात ती. लोक हसतात, आणि दोन पूर्णांक एक सेकंदाला तोच माणूस खोकतो.

नववं लहान रीळ यंत्रावर चढवलं. त्यात तेच हसू होतं. पाच वेळा उतरवून ठेवलेलं, बाकी काही नाही.

मुख्य रीळ बोटांवरून सरकवत गेले. 'पण टेपसुद्धा?' नंतर ब्लेडने कापून चिकटपट्टीने सांधलेले चार जोड होते. इतके सफाईदार की नखालाही कळू नयेत. म्हणजे तिथे मूळचं जे होतं ते कापून टाकलं होतं. पण त्या काळी एक यंत्र दगा देईल म्हणून दुसरं बरोबरीने चालू ठेवत, आणि त्याचं राखीव रीळ कुणी कधी कापत नसे. मी तिसरं राखीव रीळ लावलं.

"पण टेपसुद्धा?"

शांतता. तिसऱ्या सेकंदाला एक खुर्ची वाजली. सहाव्या सेकंदाला मागून एक पुरुष, चढा नाही, रागावलेलाही नाही, नुसता म्हणाला, "गाणं म्हणा हो." आणखी तीन सेकंद काही नाही. मग गिटारची पहिली तार चुकीची वाजली.

मी तो तुकडा अकरा वेळा ऐकला. त्यातल्या नऊ वेळा कामासाठी नव्हत्या.

आमच्या कार्यशाळेचे मालक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, हातात चहा घेऊन आत आले. "काय शास्त्रज्ञबाई, तोंड कसलं असं? मांजराला सायीचं पातेलं सापडल्यासारखं?"

"मास्तर, या रेकॉर्डचे जोड कुणी घातलेत?"

त्यांनी चष्मा लावून फीत उजेडात धरली आणि त्यांची छाती जराशी फुगली. "मी. सव्वीस वर्षांचा होतो. सापडला कुणाला आजवर?"

"इथे हसू का घातलंत?"

"तो हटूनच बसला. मी म्हटलं, साहेब, कुणी हसलेलं नाही. तर म्हणाला, हसले असते, हॉल चुकीचा होता."

"एक खोकला तीनदा येतो."

"कुठला खोकला?"

मी ऐकवला. मास्तर खुर्चीत बसले. "अरेरे," ते म्हणाले. ते अरेरे जोडासाठी होतं.

"ती शिंपीण माझी आत्या आहे," मी म्हटलं. "हॉल तिच्या गावचा होता. निम्म्या लोकांच्या अंगावर तिनं शिवलेले कपडे होते. तुमच्या हसण्यामुळे तिनं गाव सोडलं."

मास्तरांनी चहाचा कप न पिताच बाजूला सारला. मग म्हणाले, "जाहिरातीत काय लिहिलंय कंपनीनं?"

"एकही काट नाही."

"मग काय विचारतेस मला? जशी झाली तशी दे."

"मी नाही. तुम्ही द्यायची. तुमच्या हाताने."

मास्तर माझ्यापेक्षा अडतीस वर्षांनी मोठे आहेत आणि माझा पगार त्यांच्या हातात आहे. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि कामाला लागले. आपलं एकोणीस सेकंदांचं हसू काढून त्यांनी तिथे नऊ सेकंदांची शांतता बसवली. चाळीस मिनिटं लागली. मी मागे उभी राहून बघत होते. मदत केली नाही.

संध्याकाळी आत्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले तेव्हा शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबला. ऐकताना ती भिंतीकडे बघत होती. "पुन्हा लाव," म्हणाली. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर ती म्हणाली, "हा पोस्टमन आहे. त्याचा गणवेश मीच शिवायची. पोट सुटलं होतं, दर वर्षी कमरेला कापड वाढवून घ्यायचा."

तिनं हेडफोन उतरवून मशीनवर ठेवले.

"म्हणजे मी गाव उगीच सोडलं," आत्या म्हणाली.

"ती गोष्टच उडवते मी," मी म्हटलं. "पुरावा आहे, कंपनीला सांगते, आख्खी गोष्टच—"

"खबरदार!" ती इतक्या जोराने ओरडली की समोरचा इस्त्रीवाला बाहेर डोकावला. "त्याचा एक शब्द कापायचा नाहीस. श्वाससुद्धा ठेव. ती टेप, तो थरथरणारा हात, सगळं ठेव. हसू तेवढं काढायचं. आणि ऐकायला लोक जमवणार आहेत ना? त्याला पुढच्या रांगेत बसवा. मला त्याच्या मागची खुर्ची."

तोवर मला वाटत होतं की आमच्या घरात सूड फक्त मलाच घ्यायचा आहे.

गोष्टीवाले मंजुरी द्यायला आले ते मंगळवारी सकाळी अकराला. चौऱ्याहत्तर वर्षांचे, रुबाबदार, डावा हात खिशात. मी टेबलावर मुद्दाम दोन वस्तू ठेवल्या होत्या: रेकॉर्डचं जुनं कव्हर, आणि त्यावर, कोटाच्या डाव्या बाहीला जबडा लावून, व्हर्नियर. माप सांगायचं नाही असं आत्याने बजावलं होतं. व्हर्नियर कुठे ठेवायचं याबद्दल ती काही बोलली नव्हती. त्यांनी ते पाहिलं. नजर उचलून दुसरीकडे नेली, पुन्हा पाहिलं.

तिसऱ्या रिळापाशी त्यांचा चेहरा बदलला. "थांब, थांब. इथे हसू होतं."

"रेकॉर्डवर होतं."

"अगं, लोक लोटपोट झाले होते! मी पन्नास मुलाखतींत सांगितलंय."

"कुठले लोक?"

"हे यंत्र मध्येच बंद पडलं असणार."

"चालू आहे. ऐका, तिसऱ्या सेकंदाला खुर्ची. हा सहावा सेकंद."

'गाणं म्हणा हो,' पोस्टमन म्हणाला.

गोष्टीवाल्यांनी हेडफोन काढला. "तू तिची कोण?"

"भाची."

"तिनं पाठवलंय तुला."

"पेटी तुमच्या कंपनीनं पाठवली. जाहिरातही कंपनीचीच."

"बाळ, मी कलाकार माणूस. गोष्टीला हसू लागतं. पाण्याशिवाय रोप जगत नाही. तू ते आहे तिथे ठेवून दे, कुणाला कळतंय?"

"ठेवते की," मी म्हटलं आणि कंपनीचा छापील कागद पुढे सरकवला. "मूळ ध्वनीत बदल हवा असेल तर कलाकाराने लिहून द्यायचं. या रकान्यात जागा, या रकान्यात बदल, या रकान्यात कारण. तुमच्या अक्षरात."

त्यांनी पेन घेतलं. जागा लिहिली: चौथी गोष्ट. बदल लिहिला: हसू. तिसऱ्या रकान्यावर पेन टेकलं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"काय लिहू?"

"झालं ते लिहा."

"तू फार कठोर आहेस गं पोरी. माझी किती वर्षं राहिलीत आता?"

मला दया येते का हे पाहायला मी थोडं थांबले. नाही आली. "आत्या अडुसष्टची आहे," मी म्हटलं. "तिची पस्तीस गेली."

त्यांनी लिहिलेल्या दोन्ही रकान्यांवर काट मारली आणि खाली सही केली. बदल नाही.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला, एका छोट्या सभागृहात. रेकॉर्ड सगळ्यांनी मिळून ऐकायची, मग गोष्टीवाल्यांनी चार शब्द बोलायचे. खुर्च्या एकशे बारा. आवाजाची पातळी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून माझ्यापाशी डेसिबल मोजणारं यंत्र होतं. तीन वाजता, सभागृह रिकामं असताना, मी शांततेचा तो तुकडा लावून पाहिला. फितीचा बारीक खरखराट आणि छताचा पंखा धरून एकतीस डेसिबल भरले.

आत्या साडेचारलाच आली. गर्द हिरवी साडी, ब्लाउज असा की कुणीही दोनदा बघावं. गोष्टीवाले आले तेव्हा त्यांच्या अंगात नवा तयार कोट होता. डावी बाही बोटांवर उतरली होती. तिला पाहून ते जागच्या जागी थबकले.

"बसा ना," आत्या म्हणाली. "उभं राहून कोट सुधारत नाही."

ते बसले. त्यांच्या मानेपासून आत्याच्या गुडघ्यांपर्यंत हातभर अंतर होतं.

काकांच्या सायकलीला सभागृह चौऱ्याहत्तर डेसिबलपर्यंत हसलं. पहिल्या मध्यंतरात लोक खुशीत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती, "आता दीड बाही येईल बघ." चौथी गोष्ट सुरू झाली तेव्हा कित्येकांचे ओठ बरोबरीने हलत होते. निळं दार. थरथरणारा हात. उरलेली अर्धी कुठंय? आत्या ताठ बसली होती आणि समोरच्या कोटाच्या खांद्याची शिवण बघत होती.

"पण टेपसुद्धा?"

पाठ असल्यासारखे लोक हसले. पहिल्या सेकंदाला सदुसष्ट. पण स्पीकरमधून हसू आलं नाही. मागच्या रांगांनी आधी माना वळवल्या, यंत्र बिघडलं का ते बघायला. दुसऱ्या सेकंदाला अठ्ठावन्न. तिसऱ्याला खुर्ची वाजली, पस्तीस वर्षांपूर्वीची, आणि ज्यांची तोंडं उघडी होती ती तशीच राहिली. चव्वेचाळीस. पाचव्याला छत्तीस. सहाव्याला पोस्टमनचा आवाज सभागृहभर गेला, गाणं म्हणा हो, आणि गोष्टीवाल्यांची मान कोटाच्या कॉलरमध्ये थोडी खाली गेली.

सातव्या ते नवव्या सेकंदाची सरासरी, सभागृहात एकशे बारा माणसं असताना: बत्तीस डेसिबल. रिकाम्या सभागृहापेक्षा एकच जास्त.